१५ मीटरने विहीर वाचत नाही

गोव्यातल्या ग्रामसभेत नव्या बंगल्यांचा किंवा गृहसंकुलाचा विषय निघाला की वाद हमखास विहिरीवर येतो. एक बाजू म्हणते, यांच्या सेप्टिक टँकमुळे वाड्यावरच्या विहिरी नासणार. दुसरी बाजू आराखडा पुढे करते: सोकपिट, म्हणजे टँकचे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, विहिरीपासून १५ मीटरांवर दाखवला आहे, परवान्याची अट पाळली आहे, मग हरकत कसली? अलीकडे यात तिसरा सूर मिसळला आहे, भूजलात औषधांचे अंश उतरतात असा. आणि तो निघाला की सगळ्यांची बोटे औद्योगिक वसाहतीकडे वळतात. तिन्ही बाजू तळमळीने बोलतात. पण तिघांच्या मनात जमिनीचे चित्र एकच आहे: वरून घाण ओतली की खाली गाळून निघणारी चाळण. चाळण रुंद असेल तर पाणी शुद्ध, अरुंद असेल तर अशुद्ध. हे चित्रच चुकीचे आहे, आणि ते बदलल्याशिवाय हा वाद एक पाऊलही पुढे जाणार नाही.

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. सोकपिट आणि विहीर यांच्यातले आडवे अंतर हे सुरक्षेचे माप म्हणून फार दुबळे आहे. खरे माप दोन गोष्टींचे आहे: सोकपिटाचा तळ आणि भर पावसातली भूजलाची पातळी यांच्यामध्ये हवा असलेली माती किती उरते, आणि त्या मातीत पाणी किती दिवस थांबते. हे दिवस ठरवतात मातीतले सूक्ष्मजीव. तेच पाण्याची वाट अडवतात, तेच त्यातली बहुतेक औषधे मोडतात, आणि काही औषधांपुढे तेही हतबल असतात. आपले नियम, आपले गवंडीकाम आणि आपल्या घरांचा वापर या तिघांनी मिळून या जिवांना बाजूला सारले आहे.

सोकपिटात नेमके काय घडते ते आधी पाहू. नवा खड्डा खणला, तळाशी स्वच्छ वाळू असली, तर तिच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला काही हजार लिटर पाणी सहज उतरते. मग टँकचे पाणी येऊ लागते. त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ असतात, म्हणजे जिवाणूंचे अन्न. काही आठवड्यांत वाळूच्या कणांवर त्यांची वस्ती बसते. हे जिवाणू स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचा बुळबुळीत लेप स्रवतात. तो लेप स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो आणि कणांमधल्या अरुंद फटी बुजवतो. त्यात टँकमधून निसटलेला बारीक गाळ अडकतो, लोह सल्फाइडची काळी भुकटी साचते, आणि जिवाणूंनीच सोडलेल्या मिथेन व नायट्रोजनचे बुडबुडे उरलेल्या वाटा रोखतात. शेवटी तळावर आणि बाजूंवर एखाद-दोन सेंटीमीटर जाडीची काळी साय धरते. ही साय पक्की झाली की त्याच चौरस मीटरमधून दिवसाला साधारण १० ते ३० लिटरच पाणी झिरपते. हजारांवरून दहांवर. माती तीच राहिली, बदलली ती तिच्यातली वस्ती.

मालकाला आणि गवंड्याला हे अपयश वाटते. ‘सोकपिट चोक झाला’ म्हणून त्यात अॅसिड ओततात, नाहीतर खड्डा आणखी खोल नेऊन जांभ्यातली एखादी पोकळी गाठतात. मग पाणी झपकन जाते आणि सगळे समाधानी होतात. प्रत्यक्षात त्या क्षणी शुद्धीकरण थांबलेले असते. कारण सायीने पाणी अडवले म्हणूनच तिच्या खालची माती कोरडसर राहते. मोठ्या छिद्रांत हवा असते आणि पाणी कणांवरून पातळ पापुद्र्यासारखे ओघळते. दिवसाला चौरस मीटरमागे २० लिटर म्हणजे २० मिलिमीटर पाण्याचा थर. मातीत पाण्याचे प्रमाण १५ टक्के धरले तर एक मीटर खाली उतरायला त्याला आठवडा लागतो. साय नसलेल्या वाळूत तोच एक मीटर ते एक-दोन तासांत पार करते. आठवडाभर हवेच्या आणि जिवाणूंच्या सहवासात राहिलेले पाणी आणि दोन तासांत सटकलेले पाणी विहिरीला सारखेच लागेल का? तरीही ‘छान मुरतो’ हीच आपल्याकडे सोकपिटाची शाबासकी आहे.

नियमांतली चाचणीही याच समजावर उभी आहे. आयएस २४७० या भारतीय मानकानुसार मुरण्याची चाचणी घेतात: लहान खड्डा खणायचा, तळाशी ५ सेंटीमीटर जाड वाळू घालायची, पाणी भरून माती चांगली भिजू द्यायची, आणि मग पाण्याची पातळी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. चाचणी उपयोगी आहे; चिकणमाती आणि वाळू यांतला फरक ती दाखवते. पण ती स्वच्छ पाण्याने, निर्मळ मातीत, पहिल्या दिवशी घेतली जाते. सहा महिन्यांनी वेग कोण ठरवणार, हे तिला दिसूच शकत नाही. शिवाय आपल्या गावांत ती चाचणी तरी कितीदा होते? आराखड्यावर १५ चा आकडा दिसला की शिक्का बसतो. मानकात हेच अंतर १८ मीटर आहे. १५ की १८ यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत.

साय हेच शुद्धीकरण आहे, हा धडा जगाने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकी (कॉलरा) पसरली आणि सुमारे ८,६०० माणसे दगावली. शेजारचे आल्टोना एल्ब नदीच्या खालच्या अंगाला होते, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलेच पाणी ते उचलत होते. तरी आल्टोना बरेचसे वाचले. एकाच रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही, असे दृश्य होते. फरक एवढाच, की आल्टोनाचे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून जात होते आणि हॅम्बुर्गचे जात नव्हते. त्या गाळणीचे काम वाळू करत नव्हती. वाळूवर आठवड्यांच्या वापराने धरलेली जिवंत साय करत होती. कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. पुढच्याच हिवाळ्यात, १८९३ च्या सुरुवातीला, आल्टोनातही पटकी आली. कडाक्याच्या थंडीत गाळणी साफ करताना वाळू गोठली, थर बिघडला आणि गाळणी नीट पिकण्याआधीच पाणी शहरात गेले. गाळणी होती, वाळू होती, अंतर होते. नव्हती ती फक्त साय.

आता किनारी गोव्यातली घरे डोळ्यांसमोर आणा. बार्देशात आणि सासष्टीत वर्षातले आठ-दहा महिने बंद राहणारी घरे गल्लोगल्ली आहेत. बंद घराच्या सोकपिटातली साय उपाशी राहते, वाळते, तडकते, नाहीशी होते. मग नाताळच्या आठवड्यात दहा माणसे उतरतात आणि सगळे सांडपाणी कोऱ्या मातीवर पडते. साय पुन्हा धरेपर्यंत पाहुणे परत गेलेले असतात. उलट बाजूला, चार माणसांसाठी बांधलेले घर भाड्याच्या खोल्यांचे झाले की त्याच खड्ड्यात वीस माणसांचे पाणी येते. सायीचा वेग ठरलेला असतो, म्हणून पाणी वर चढते, खड्ड्याच्या वरच्या बाजूला जिथे साय कधी धरलीच नव्हती तिथून फुटते आणि थेट निघून जाते. दोन्ही प्रसंगी आराखडा निर्दोष आहे आणि १५ मीटर जागच्या जागी आहेत.

पाऊस आणि जांभा हे दोन स्थानिक घटक तर या मापाला पुरते निकालात काढतात. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात ज्या सोकपिटाखाली चार मीटर कोरडी माती असते, तोच ऑगस्टमध्ये भूजलात बुडालेला असू शकतो. कळंगुट, कांदोळी, कोलवा अशा वालुकामय पट्ट्यात तर मुळातच पाणी जमिनीखाली फार खोल नसते. खड्डा बुडाला की मातीतली हवा संपते आणि पाणी खाली उतरण्याऐवजी आडवे धावू लागते. वाळूत साधा हिशेब करता येतो: वाळूची वहनक्षमता दिवसाला २० मीटर, उतार २०० मीटरला एक मीटर आणि सच्छिद्रता ३० टक्के धरली, तर भूजल दिवसाला सुमारे ३३ सेंटीमीटर सरकते. १५ मीटर जायला ४५ दिवस. हे तसे बरे आहे. पण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर, हा हिशेबच लागू पडत नाही, कारण चिरेखाणीत उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या नळ्या आणि पोकळ्या यांतून पाणी वाहते. भर पावसात तिथे तेच अंतर काही तासांत तुटू शकते. खालच्या चिकणमातीच्या थरावर पोचलेले पाणी सड्याच्या पायथ्याला झर म्हणून बाहेर येते, कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) मिळते, विहिरींत उतरते.

जांभ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्यातली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकासारख्या औषधांना घट्ट धरून ठेवतात, फॉस्फेटही धरतात. या बाबतीत आपला दगड कोऱ्या वाळूपेक्षा सरस आहे. मात्र पाणी दगडाच्या अंगातून गेले तरच. पोकळीतून धावले तर धरायला वेळच मिळत नाही. आणि हवा संपली की काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी याच लोहाचा वापर करतात. लोह विरघळते आणि त्याला चिकटलेले पदार्थही सुटतात. विहिरीच्या चिऱ्यांवर तांबूस बुळबुळीत थर आणि पाण्यावर तेलासारखा तवंग दिसू लागला तर काठीने तो हलवून पाहावा. फुटून काचेच्या तुकड्यांसारखा वेगळा झाला तर ते लोहजिवाणूंचे काम; पुन्हा एकजीव झाला तर तेल. आपल्या जमिनीत लोह नैसर्गिकरीत्याच आहे, त्यामुळे एवढ्यावरून सोकपिटाला दोषी ठरवता येत नाही. पण जिथे पूर्वी असे नव्हते आणि शेजारी बांधकाम झाल्यावर दिसू लागले, तिथे ती चौकशी सुरू करण्याइतकी खूण नक्कीच आहे.

आता औषधांकडे येऊ. ‘औषधांचे अंश’ असा एकच शब्द वापरून आपण सगळ्यांची मोट बांधतो, तिथेच चर्चा भरकटते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हवेशीर मातीतले जिवाणू काही दिवसांत फस्त करतात. अमॉक्सिसिलिनची घडण पाण्यातच लवकर मोडते. डायक्लोफिनॅक मध्येच कुठेतरी बसते. सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक मातीला फारसे चिकटत नाही, पाण्याबरोबर दूर जाते. आणि फेफऱ्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन जवळजवळ कोणालाच दाद देत नाही. बर्लिनमध्ये नदी-तलावांच्या काठावरच्या विहिरींपर्यंत महिनोन् महिने जमिनीतून प्रवास करूनही ते टिकून राहिलेले आढळते. याहून वेगळी एक गुंतागुंत आहे. यकृत पुष्कळ औषधांना शर्करेचा रेणू जोडून ती निष्प्रभ करून लघवीवाटे बाहेर टाकते. सांडपाण्यातले जिवाणू तो जोड तोडून शर्करा खातात आणि मूळ औषध मोकळे होते. म्हणून प्रक्रियेनंतरच्या पाण्यात कार्बामाझेपिन कधी कधी आधीपेक्षा जास्त भरते. जिवाणू म्हणजे नुसते सफाई कामगार, हा समजही असा अपुराच आहे.

आपल्या राज्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे उदाहरण मेटफॉर्मिनचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे पहिले औषध, आणि शरीर ते मोडत नाही. शोषलेला भाग लघवीतून आणि न शोषलेला शौचातून तसाच बाहेर येतो. चार माणसांच्या घरात एक जण दिवसाला १,००० मिलिग्रॅम घेत असेल आणि माणशी १३५ लिटरप्रमाणे ५४० लिटर पाणी वापरले जात असेल, तर टँकमध्ये लिटरमागे सुमारे १.९ मिलिग्रॅम मेटफॉर्मिन जाते. प्रदूषणाच्या जगात हा आकडा लहान नाही. हवेशीर मातीतले जिवाणू मेटफॉर्मिन मोडतात खरे, पण पुष्कळदा अर्ध्यावर थांबतात आणि ग्वानिलयुरिया नावाचा पदार्थ उरतो. तो पुढे सहज मोडत नाही. औषध ‘नाहीसे झाले’ असा प्रयोगशाळेचा अहवाल आला, तर त्याच्या जागी काय आले, हे विचारायला हवे.

या सगळ्याला सर्वांत ताकदीचा आक्षेप असा: हे अंश इतके अल्प असतात की त्यांची भीती निराधार आहे. हा आक्षेप गांभीर्यानेच घ्यायला हवा. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १०० नॅनोग्रॅम कार्बामाझेपिन आहे. रोज दोन लिटर, ७० वर्षे प्यालो तर एकूण ५१,१०० लिटर, आणि त्यातून पोटात गेलेले औषध सुमारे ५ मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीचा चाळिसावा हिस्सा, तोही आयुष्यभरात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ च्या अहवालात पिण्याच्या पाण्यातल्या औषधांच्या अशा मात्रांनी माणसाला लक्षणीय अपाय होण्याची शक्यता फार कमी असल्याचे म्हटले आहे. लोकांना घाबरवण्यासाठी गिधाडांचे उदाहरण पुढे करणेही योग्य नाही. डायक्लोफिनॅकने गिधाडे मेली ती औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन, विहिरीच्या पाण्याने नव्हे; २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली ती त्या कारणाने.

मग काळजी कशाची? दोन गोष्टींची. पहिली: कार्बामाझेपिन निसर्गात तयार होत नाही. विहिरीत ते सापडले याचा अर्थ एकच, कोणाच्या तरी शौचालयातले पाणी तिथवर पोचले आहे. त्याच वाटेने नायट्रेट येते, विषाणू येऊ शकतात, आणि पावसाळ्यात वाट आखूड झाली की जिवाणूही येतात. म्हणजे हे औषध विषापेक्षा साक्षीदार म्हणून मोलाचे आहे. शीतपेयांतले असेसल्फेम हे कृत्रिम गोडद्रव्यही असाच साक्षीदार. जर्मनीत विहिरीभोवतीचे संरक्षित क्षेत्र आखताना पाण्याचा ५० दिवसांचा प्रवास धरतात. मीटर नव्हे, दिवस. तोही नियम रोगजंतू मरायला लागणारा काळ पाहून बनला, औषधांसाठी नाही. पण निदान त्याचे एकक बरोबर आहे.

दुसरी काळजी प्रतिजैविकांची. माणसाला अपाय न करणारी मात्रा जिवाणूंना मात्र जाणवते. अमिनोग्लायकोसाइड गटातल्या प्रतिजैविकांची अल्प मात्रा काही जिवाणूंना मारण्याऐवजी जास्त जाड चिकट थर तयार करायला लावते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे औषध मातीतल्या वस्तीवर परिणाम करते, वस्ती पाण्याच्या वेगावर, आणि वेग पुन्हा औषध किती मोडणार यावर. शिवाय अशा दाट वस्तीत प्रतिरोधाची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या अभ्यासात प्रतिरोध देणारे एनडीएम-१ हे जनुक नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये सापडले होते. याचा गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाशी संबंध नाही. इथे मोजायचे ते औषध नाहीच, त्याने घडवलेली प्रतिरोधक जिवाणूंची निवड आहे.

‘दोष कारखान्यांचा आहे’ हे म्हणणेही अर्धे खरे आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू इथे औषधकारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्राच्या पाण्यात २००७ च्या अभ्यासात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले. रुग्णाच्या रक्तात असते त्याहून ती मात्रा जास्त होती. अशा ठिकाणी मातीतल्या जिवाणूंकडून काही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ते आधी मरतात, उरतात ते प्रतिरोधक. कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या मसुद्यात मर्यादा सुचवल्या होत्या, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. त्या परत आणा, ही मागणी गोव्याने जोरात करायला हवी, कारण औषधनिर्मिती हा इथला मोठा उद्योग आहे. पण ज्या वाड्याच्या आसपास एकही कारखाना नाही तिथल्या विहिरीत मेटफॉर्मिन आले तर ते आपल्याच घरांतून आलेले असेल. कारखान्याकडे बोट दाखवून सोकपिटाचा प्रश्न सुटत नाही, आणि सोकपिटाकडे दाखवून कारखाना निर्दोष होत नाही.

मलवाहिनी टाकली की सगळे मिटेल, असेही म्हटले जाते. दाट वस्तीत ती हवीच. पणजीत टोंक, मडगावात शिरवडे, वास्कोत बायणा इथे प्रकल्प आहेत आणि शहरांना त्यांच्यावाचून पर्याय नाही. पण त्या टाक्यांतही कामाला जिवाणूच असतात आणि कार्बामाझेपिन तिथूनही जवळजवळ जसेच्या तसे निघते. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा टप्पा जोडायला लावला तो त्यामुळेच. विखुरलेल्या, चढ-उताराच्या आपल्या गावांत प्रत्येक घरापर्यंत वाहिनी पोचायला जितकी वर्षे लागतील तितकी वर्षे सोकपिटच राहणार आहे.

‘आता घरोघरी नळ आहे, विहिरीचे काय घेऊन बसलात?’ या प्रश्नालाही उत्तर द्यायला हवे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले पहिले राज्य ठरले, हे खरे आणि अभिमानाचे आहे. पण मे महिन्यात नळ आटला की लोक विहिरीकडेच वळतात, आणि टँकरही कुठल्यातरी विहिरीवरच भरतो. शिवाय या मातीत घाण विहिरीत उतरण्याचे परिणाम आपण एकदा भोगले आहेत. जुने गोवे ओस पडले त्याची कारणे अनेक. १५४३ च्या पटकीपासून सुरू झालेल्या साथी हे त्यांतले एक, आणि सच्छिद्र जमिनीतून विहिरींत झिरपलेल्या मैल्याकडे इतिहासलेखक बोट दाखवतात. तिथला दगडही जांभाच होता.

मग नियम कसा हवा? नमुना आपल्याच देशात आहे. दोन खड्ड्यांच्या शौचालयांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे आधी खोली पाहतात: खड्ड्याचा तळ आणि भूजलाची सर्वोच्च पातळी यांत २ मीटर अंतर आणि माती बारीक असेल, तर पाण्याचा स्रोत ३ मीटरांवर असला तरी चालतो. माती भरड असेल तर तळ बंद करून खड्ड्याभोवती ५० सेंटीमीटर बारीक वाळूचे वेष्टन घालायला सांगतात. तो नियम रोगजंतूंसाठी आहे आणि सेप्टिक टँकचे पाणी प्रमाणाने कितीतरी जास्त असते, म्हणून तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण उभे अंतर आधी, आडवे नंतर, हा त्याचा क्रम उचलायलाच हवा.

एका खोल खड्ड्याऐवजी उथळ पसरट चर हवेत: ५० ते १०० सेंटीमीटर खोल, ३० मीटरपेक्षा लांब नाहीत, दोन चरांत किमान १.८ मीटर. मुळे, हवा आणि जिवाणू वरच्याच थरात दाटीने असतात, म्हणून पाणी तिथेच सोडायचे. एकाऐवजी दोन संच आणि मध्ये झडप: सहा महिने एक चालवायचा, दुसरा विसावू द्यायचा. विसाव्यात हवा शिरते आणि फाजील साय जिवाणू स्वतःच खाऊन टाकतात. मग अॅसिडची गरज उरत नाही. जिथे पावसात पाणी पायाशी येते तिथे खणूच नये. जमिनीवर ६० ते ९० सेंटीमीटर वाळूचा उंचवटा करून त्यात पंपाने थोडे थोडे पाणी सोडावे. सड्यावर पोकळी लागली तर तिथे वाळूचा थर दिल्याशिवाय पाणी सोडू नये. छपराचे पाणी या चरांपासून दूर काढावे. टँकमधला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा, नाहीतर गाळ चरांत जातो आणि जी साय धरते ती जिवंत कमी, निव्वळ चिखल जास्त असते. एरवी बंद राहणाऱ्या आणि हंगामात ओसंडणाऱ्या घरांना मधली साठवण टाकी सक्तीची करावी, म्हणजे आठवड्याचा लोंढा महिनाभर पुरवून सोडता येईल. फिनेल आणि अॅसिड मोरीत ओतण्याची सवय सोडायला पंचायतीच्या ठरावाची गरजही नाही.

खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे, आणि २०० चौरस मीटरच्या भूखंडावर चरांना जागा कुठे, हाही. पण जागा पुरत नसेल तर त्याचा अर्थ तो भूखंड तेवढ्या माणसांचे सांडपाणी पेलू शकत नाही, असा आहे. आज ती मर्यादा आराखड्यात दिसत नाही, कारण १५ मीटरचा वर्तुळखंड ती झाकून टाकतो.

आणि मोजणी. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात औषधांचा उल्लेख नाही, त्यामुळे नेहमीची तपासणी त्यांना शोधत नाही. प्रत्येक विहिरीत ती शोधण्याची गरजही नाही. ई. कोलाय (मैल्याची खूण असलेले जिवाणू) आणि नायट्रेट मे आणि ऑगस्ट अशी वर्षातून दोनदा तपासावीत. दोन ऋतूंत मोठा फरक दिसेल त्याच विहिरींत कार्बामाझेपिन व असेसल्फेम पाहावे. ती तपासणी महागडी असते, म्हणून ती राज्याने करावी.

पण पहिले पाऊल यंत्राशिवायही उचलता येते. चतुर्थीच्या आगेमागे, भूजल सर्वांत वर असते तेव्हा, गावातल्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावरून दोरी सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजावी आणि तारखेसह पंचायतीच्या वहीत लिहावी. तीन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की गावातल्या कुठल्या भागात ऑगस्टमध्ये किती कोरडी माती उरते याचा नकाशा तयार होतो. पुढचा आराखडा ग्रामसभेत आला की सोकपिटाचा तळ त्या नकाशावर ठेवून पाहायचा, आणि तो पाण्याखाली जात असेल तर तिथेच ना-हरकत थांबवायची.